गुणांची बेरीज आणि संगणकाची गुणनोंदवही

परीक्षा झाली, उत्तरपत्रिका तपासून झाल्या आणि गुण नोंदवहीत चढले, म्हणजे मूल्यमापनाचे काम संपले असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यानंतर आणखी एक काम उरते. घटक चाचणी, स्वाध्याय, प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, सत्रान्त परीक्षा अशा निरनिराळ्या ठिकाणी मिळालेल्या गुणांतून एक अंतिम आकडा काढावयाचा असतो आणि त्या आकड्यावरून विद्यार्थ्याची श्रेणी ठरवावयाची असते. हे काम शिक्षक पूर्वी आखीव कागदावर व पुढे संगणकातील कोष्टकावर करीत आले. गेल्या दोन दशकांत ते ऑनलाइन अभ्यासक्रम चालविणाऱ्या अध्ययन-व्यवस्थापन प्रणालींकडे जाऊ लागले. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा अनेक शिक्षकांच्या हाती या प्रणाली प्रथमच आल्या. पाठ चढविणे, स्वाध्याय मागविणे, प्रश्नपेढी तयार करणे या गोष्टी त्यांनी थोड्या अवधीत आत्मसात केल्या. गुण एकत्र करण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी प्रणालीने जशी मांडून दिली तशीच राहिली.

ही रीत बदलता येते. किंबहुना ती बदलता यावी यासाठीच या प्रणालींमध्ये गुणनोंदवहीचा स्वतंत्र विभाग असतो, आणि त्यात गुण एकत्र करण्याचे एक नव्हे तर अनेक मार्ग उपलब्ध असतात. कोणता मार्ग निवडला यावर त्याच विद्यार्थ्याचा, त्याच उत्तरपत्रिकांवरचा निकाल बदलतो. म्हणून ही निवड तांत्रिक साहाय्यकावर सोपवून चालत नाही. ती अध्यापनाशी व न्यायाशी निगडित अशी निवड आहे, आणि ती जाणीवपूर्वक केली नाही तर संगणक ती परस्पर करून टाकतो.

भारांकाची जुनी ओळख

महाराष्ट्रातील शिक्षकांना यातील मूळ कल्पना नवी नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुषंगाने राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत लागू करण्यात आली. त्या वेळी आकारिक व संकलित मूल्यमापनाचे प्रमाण इयत्तांनुसार निरनिराळे ठेवण्यात आले. पहिली व दुसरीसाठी आकारिक ७० टक्के व संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीसाठी ६० व ४०, पाचवी-सहावीसाठी निम्मे-निम्मे आणि सातवी-आठवीसाठी ४० व ६०, अशी ती मांडणी होती. मूल जसजसे मोठे होते तसतसे सत्राअखेरच्या परीक्षेचे वजन वाढावे, हा त्यामागील विचार त्या आकड्यांतूनच स्पष्ट होतो.

यालाच भारांक म्हणतात. गुण किती मिळाले याइतकेच ते गुण अंतिम निकालात किती मोलाचे धरावयाचे हे महत्त्वाचे असते, आणि हे मोल कोणी तरी ठरवावे लागते. शालेय मूल्यमापनात ते शासनाने ठरवून दिले. विद्यापीठीय शिक्षणात श्रेयांकांच्या रूपाने तेच घडते. चार श्रेयांकांच्या विषयातील श्रेणी दोन श्रेयांकांच्या विषयातील श्रेणीच्या दुप्पट मोलाची धरून सत्राची सरासरी काढली जाते. ऑनलाइन प्रणालीत मात्र हे ठरविण्याचा अधिकार बहुधा अभ्यासक्रम चालविणाऱ्या शिक्षकाकडे येतो. अधिकार आला, की त्याबरोबर स्पष्टीकरणाची जबाबदारीही येते.

मूडल आणि तिची गुणनोंदवही

या प्रणालींपैकी मूडल ही येथे उदाहरणादाखल घेतली आहे. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते व तिच्या आज्ञावल्या उघड्या असल्यामुळे तिचे गणित तपासून पाहता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसह देशातील अनेक उच्च शिक्षणसंस्थांनी ती स्वीकारली आहे. तिचे जनक मार्टिन डूगियामस हे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात काम करीत असताना त्यांनी ती घडविली, आणि २००२ सालच्या ऑगस्टमध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. डूगियामस यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील एका दुर्गम वस्तीत गेले. तेथे शाळा नव्हती. लघुलहरी रेडिओवरून भरणारे वर्ग हीच त्यांची शाळा होती. दूरस्थ विद्यार्थ्याची गरज काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मूडलच्या आरंभीच्या आवृत्त्यांत गुणनोंदवही साधी होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १.९ या आवृत्तीत ती नव्याने लिहिण्यात आली आणि लवचिक गुणगणनेचा खरा प्रारंभ तेथून झाला. या नोंदवहीत प्रत्येक स्वाध्याय, चाचणी वा परीक्षा हा एक घटक असतो. घटकांचे गट करता येतात, गटांच्या आत उपगट करता येतात आणि प्रत्येक गटाला गुण एकत्र करण्याची आपली स्वतंत्र रीत देता येते. स्वाध्यायांच्या गटात एक रीत, प्रात्यक्षिकांच्या गटात दुसरी आणि या दोन गटांच्या वरच्या पातळीवर तिसरी, अशीही रचना होऊ शकते. अशा दोन-तीन पातळ्या झाल्या, की कागदावर गणित करून उत्तर पडताळणे अनुभवी शिक्षकालाही जड जाते. म्हणूनच एकेक रीत सुटी घेऊन समजावून घेणे बरे.

गुण तेच, निकाल तीन

एका विद्यार्थिनीला २० गुणांच्या चाचणीत १८ आणि ८० गुणांच्या परीक्षेत ४० गुण मिळाले असे समजू. सर्वांत सरळ रीत म्हणजे गुणांची बेरीज. १०० पैकी ५८, म्हणजे ५८ टक्के. येथे परीक्षेचे वजन चाचणीच्या चौपट धरले गेले. तसे कोणी ठरविले नाही, केवळ परीक्षेचे कमाल गुण चौपट होते म्हणून ते झाले.

दुसरी रीत म्हणजे टक्केवारीची सरासरी. चाचणीत ९० टक्के, परीक्षेत ५० टक्के. दोहोंना समान मान देऊन सरासरी ७० टक्के. येथे कमाल गुण किती होते याला काहीच महत्त्व उरत नाही. वीस गुणांची अर्ध्या तासाची चाचणी व ऐंशी गुणांची तीन तासांची परीक्षा एकाच तागडीत समसमान बसतात.

तिसरी रीत भारित सरासरीची. शिक्षकाने चाचणीस ४० व परीक्षेस ६० असा भारांक दिला, तर ९० चे ४० टक्के म्हणजे ३६ आणि ५० चे ६० टक्के म्हणजे ३०, एकूण ६६ टक्के.

५८, ७० आणि ६६. उत्तरपत्रिका तीच, तपासणारा शिक्षक तोच. २०१० च्या शालेय श्रेणीपद्धतीत ५८ ला ‘क-१’ आणि ६६ किंवा ७० ला ‘ब-२’ श्रेणी मिळते. विद्यार्थिनीच्या पालकाने या तफावतीचे कारण विचारले, तर ‘संगणकाने काढले’ हे उत्तर पुरेसे होणार नाही.

याखेरीज मूडलमध्ये मध्यक, बहुलक, सर्वांत कमी गुण, सर्वांत अधिक गुण अशाही रीती आहेत. यांपैकी मध्यकाचा विचार करण्याजोगा आहे. सर्व गुण चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक. वीसपैकी १४, १५, १५, १६ असे गुण मिळविणाऱ्या मुलाला एखाद्या आजारपणाच्या दिवशी केवळ २ गुण मिळाले, तर त्याची सरासरी १२.४ वर घसरते. मध्यक मात्र १५ च राहतो. एका वाईट दिवसाची शिक्षा तेथे होत नाही. परंतु हीच रीत दुसऱ्या मुलावर अन्याय करते. आरंभी ५, ५, ६ आणि पुढे मेहनत करून १८ व १९ गुण मिळविणाऱ्या मुलाची सरासरी १०.६ असली तरी मध्यक ६ येतो, आणि त्याची सारी प्रगती हिशेबातून नाहीशी होते. ज्या अभ्यासक्रमात पुढचा धडा मागच्या धड्यावर आधारलेला आहे तेथे मध्यक वापरणे इष्ट नाही.

२०१४ सालच्या २.८ या आवृत्तीपासून मूडलमध्ये ‘नॅचरल’ नावाची रीत आली व नव्या अभ्यासक्रमांसाठी तीच आपोआप लागू होऊ लागली. तिचे मूळ बेरजेत आहे, मात्र तीत भारांकही बदलता येतात. शिक्षकाने काहीच बदलले नाही, तर प्रत्येक घटकाचे वजन त्याच्या कमाल गुणांच्या प्रमाणात ठरते. यातील एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. वरील उदाहरणात २० ची चाचणी व ८० ची परीक्षा आहे. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या सरावासाठी एक प्रश्नमंजूषा चढविली आणि तिचे कमाल गुण सहज म्हणून १०० ठेवले. त्या क्षणी एकूण गुण २०० झाले. चाचणीचे वजन १० टक्के, परीक्षेचे ४० टक्के आणि त्या सरावाचे तब्बल ५० टक्के. घरी पुस्तक उघडे ठेवून सोडविलेल्या सरावाने निम्मा निकाल व्यापला. सरावाच्या घटकास शून्य भारांक दिला की हा प्रश्न मिटतो. पण तो द्यावयास हवा हे आधी ठाऊक असावे लागते.

रिकामा रकाना म्हणजे शून्य काय?

गुणगणनेतील सर्वांत नाजूक प्रश्न भारांकाचा नसून रिकाम्या रकान्याचा आहे. विद्यार्थ्याने स्वाध्याय दिलाच नाही, किंवा दिला पण अजून तपासला गेला नाही, किंवा तो त्या दिवशी रुग्णालयात होता, या तिन्ही प्रसंगी नोंदवहीत दिसतो तो एकच रिकामा चौकोन. कागदावरच्या नोंदवहीत शिक्षक तेथे ‘गै.ह.’ किंवा ‘वै.र.’ असे काही लिहून ठेवीत आणि निकाल लावताना त्याचा विचार करीत. संगणकाला असा विचार करता येत नाही. त्याला आधी सांगून ठेवावे लागते.

मूडलमध्ये प्रत्येक गटासाठी ‘रिकामे गुण वगळावेत’ असा पर्याय असतो आणि तो मुळात चालू ठेवलेला असतो. त्याचा परिणाम पाहावा. पाच स्वाध्यायांपैकी तीनच देऊन वीसपैकी १६, १७ व १८ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची बेरीज ५१ होते. रिकामे रकाने वगळले तर ती ६० पैकी धरली जाते आणि त्याला ८५ टक्के पडतात. रिकामे रकाने शून्य मानले तर ती १०० पैकी धरली जाते आणि त्याला ५१ टक्के पडतात. एका खुणेने चौतीस टक्क्यांचा फरक पडतो.

सत्र चालू असताना रिकामे रकाने वगळणे योग्यच आहे. जी परीक्षा अजून व्हावयाची आहे तिच्यात शून्य धरून विद्यार्थ्याला नापासाच्या पंक्तीत बसविण्यात अर्थ नाही. परंतु सत्र संपल्यावरही ती खूण तशीच राहिली, तर स्वाध्याय न देणे हाच अधिक गुण मिळविण्याचा मार्ग ठरतो. उलटपक्षी, शेवटच्या आठवड्यात ती खूण काढली तर सबंध सत्रभर ८५ टक्के पाहणाऱ्या विद्यार्थ्याला निकालाच्या दिवशी ५१ टक्के दिसतात, आणि त्याची तक्रार सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. यावर उपाय एकच. स्वाध्यायाची मुदत संपून सर्व वह्या तपासून झाल्या, की न देणाऱ्यांच्या रकान्यात त्याच आठवड्यात स्पष्ट शून्य भरावे. ज्यांची अनुपस्थिती सकारण आहे अशा विद्यार्थ्यांचा तो एकच गुण ‘वगळलेला’ म्हणून स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय मूडलमध्ये आहे. तेवढ्यापुरते त्या विद्यार्थ्याचे गणित उरलेल्या घटकांवर होते. इतरांच्या गणिताला धक्का लागत नाही.

ग्रामीण भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुदतीच्या रात्री वीज गेली, गावातील मनोऱ्याचे संकेत क्षीण झाले, घरातील एकुलता एक भ्रमणध्वनी वडिलांबरोबर शेतावर गेला, अशा कारणांनी राहिलेला स्वाध्यायही नोंदवहीत त्याच रिकाम्या चौकोनाच्या रूपात दिसतो. आळस आणि अडचण यांतील भेद चौकोनावरून कळत नाही. तो शिक्षकालाच जाणून घ्यावा लागतो.

सर्वोत्तम आठ

अशा अडचणींना आधीच जागा करून देणारी एक रीत आहे. ती म्हणजे सर्वांत कमी गुणांचे काही घटक सोडून देणे, अथवा सर्वांत अधिक गुणांचे तेवढेच धरणे. भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या उपक्रमात तिचे चांगले उदाहरण सापडते. या उपक्रमाने २०१४ पासून प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले, आणि २०१७ च्या जुलैमध्ये आरंभ झालेल्या ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावर ते आज उपलब्ध आहेत. त्यांच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा स्वाध्याय असतात. त्यांतील सर्वोत्तम आठ धरले जातात. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा व चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम तीन. बारा आठवड्यांतील चार आठवडे कोणत्याही कारणाने हातचे गेले तरी विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही, आणि कारण सिद्ध करीत बसण्याचीही गरज पडत नाही.

या स्वाध्यायांच्या सरासरीला २५ टक्के आणि केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावयाच्या परीक्षेला ७५ टक्के भारांक असतो. पण प्रमाणपत्रासाठी नुसती बेरीज चालत नाही. स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण, अशा दोन अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. स्वाध्यायांत २४ व परीक्षेत २८ मिळून ५२ गुण झालेला विद्यार्थी प्रमाणपत्रास पात्र ठरत नाही. १२ व ३० मिळून ४२ गुणांचा विद्यार्थी मात्र ठरतो. वरवर विचित्र वाटणारी ही तरतूद सहेतुक आहे. घरी बसून सोडविलेल्या स्वाध्यायात दुसऱ्याची मदत घेतली असण्याचा संभव असतो, केंद्रावरच्या परीक्षेत तो कमी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करून त्यांचे श्रेयांक पदवीसाठी धरता येतात. तेव्हा हे गुण म्हणजे हौसेचे प्रमाणपत्र राहिलेले नाहीत. पदवीच्या निकालात त्यांची गणना होते.

कमी गुण वगळण्याची रीत आपल्या अभ्यासक्रमात आणू इच्छिणाऱ्या शिक्षकाने मात्र ती रिकाम्या रकान्याच्या नियमाबरोबर ताडून पाहावी. मूडलमध्ये आधी रिकामे रकाने बाजूला काढले जातात आणि उरलेल्यांतून सर्वांत कमी गुणांचा घटक वगळला जातो. वीस गुणांच्या पाच स्वाध्यायांपैकी एक वगळावयाचा आहे असे समजू. पहिल्या मुलाने पाचही स्वाध्याय नेटाने दिले व १६, १७, १८, १२, १० असे गुण मिळविले. त्याचे १० वगळून ८० पैकी ६३, म्हणजे ७८.७५ टक्के झाले. दुसऱ्याने पहिले तीन देऊन तेच १६, १७, १८ मिळविले आणि अवघड वाटलेले दोन दिलेच नाहीत. त्याचे दोन रिकामे रकाने आधी गळाले, मग १६ ही गळाले. राहिले ४० पैकी ३५, म्हणजे ८७.५ टक्के. अवघड स्वाध्यायाला हात घालणारा मुलगा मागे पडला. त्याच ठिकाणी रिकामे रकाने शून्य धरले असते, तर दुसऱ्याचे एक शून्य वगळून ८० पैकी ५१, म्हणजे ६३.७५ टक्के झाले असते. दोन्ही नियम आपापल्या जागी सौम्य व उदार आहेत. एकत्र आले, की ते असा निकाल देतात.

आणखी एक पथ्य असे, की ज्या गटातून काही वगळावयाचे त्यातील सर्व घटकांचे कमाल गुण सारखे असावेत. दहापैकी ५ आणि शंभरपैकी ४० यांत कमी कोणते, हा प्रश्न मग उद्भवत नाही.

सूत्रे, जादा गुण व हाताने भरलेले आकडे

तयार रीतींनी भागत नसेल तर शिक्षकाला स्वतःचे सूत्र लिहिता येते. प्रत्येक घटकाला एक ओळखक्रमांक द्यावयाचा आणि बरोबरच्या चिन्हाने आरंभ करून त्या क्रमांकांचे गणित मांडावयाचे. सत्रमध्य परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्याने अंतिम परीक्षेत सुधारणा दाखविली, तर मागील अपयश धरू नये, असे एखाद्या शिक्षकाला वाटते. मग सूत्र असे होते: सत्रमध्यचे ३० व अंतिमचे ७० मिळून होणारी बेरीज, अथवा केवळ अंतिम परीक्षेची टक्केवारी, यांत जे अधिक ते. सत्रमध्यमध्ये ३० पैकी ९ आणि अंतिममध्ये ७० पैकी ५६ मिळविणाऱ्यास पहिल्या हिशेबाने ६५ व दुसऱ्याने ८० मिळतात. सूत्र ८० उचलते. असे सूत्र लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. ते सत्राच्या आरंभी जाहीर केले तर विद्यार्थ्याला उभारी देते. निकालाच्या आदल्या दिवशी लिहिले तर कोणासाठी लिहिले, असा संशय उत्पन्न होतो.

जादा गुणांच्या घटकाचे गुण बेरजेत मिळविले जातात, पण त्याचे कमाल गुण एकूण गुणांत धरले जात नाहीत. ९८ गुणांच्या विद्यार्थ्यास ५ जादा गुण मिळाले तरी व्यवस्थापकाने वेगळी मुभा दिली नसेल तर मूडल १०० वर थांबते.

अपूर्णांकांचा प्रश्न लहान दिसतो, पण उत्तीर्णतेच्या सीमारेषेवर तो मोठा होतो. मूडल गणित पाच दशांश स्थळांपर्यंत करते. पडद्यावर किती स्थळे दाखवावयाची ही बाब वेगळी आहे, आणि तिचा गणितावर परिणाम होत नाही. दशांश न दाखविण्याचे ठरविले असेल तर ३९.६ हा आकडा पडद्यावर ४० दिसतो, परंतु प्रणालीच्या हिशेबी तो ३९.६ च असतो. उत्तीर्णतेची मर्यादा ४० असेल, तर उत्तीर्ण दिसणारा विद्यार्थी श्रेणीत अनुत्तीर्ण ठरू शकतो. पूर्णांकात रूपांतर करावयाचे असेल तर ते सूत्रातच लिहावे लागते.

शिक्षकाने नोंदवहीत थेट हाताने आकडा भरला, तर तो गणिताने आलेल्या आकड्याच्या जागी कायम बसतो. मागाहून स्वाध्यायाचे गुण सुधारले तरी हाताने भरलेला आकडा बदलत नाही. मूडल असा रकाना वेगळ्या रंगाने दाखवते व कोणी, केव्हा, किती गुण बदलले याचा इतिहासही जतन करते. एखाद्या निकालाबद्दल तक्रार आल्यास प्राचार्यांनी वा चौकशी अधिकाऱ्यांनी प्रथम तो इतिहास पाहावा.

जुन्या निकालांचे काय?

प्रणालीचे गणितच सुधारले गेले तर पूर्वी जाहीर झालेल्या निकालांचे काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. २.८ या आवृत्तीत बेरजेची जुनी रीत जाऊन नवी आली तेव्हा तो प्रत्यक्ष उपस्थित झाला. जादा गुणांचे वजन आणि घटकांचे किमान-कमाल गुण यांच्या हिशेबातील काही चुका त्यानंतर लक्षात आल्या व २०१५ मध्ये त्या दुरुस्त करण्यात आल्या. दुरुस्ती सरसकट लागू केली असती तर पूर्ण झालेल्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचे गुण रातोरात बदलले असते; गुणपत्रकावर एक आकडा आणि संगणकात दुसरा, अशी अवस्था झाली असती. म्हणून ज्या अभ्यासक्रमांवर परिणाम होण्याचा संभव होता त्यांची गणना गोठवून ठेवण्यात आली. त्या अभ्यासक्रमाची नोंदवही उघडताच शिक्षकाला तशी सूचना दिसते, आणि नवे गणित मान्य असल्याचे त्याने स्वतः कळविल्याशिवाय जुने आकडे हलत नाहीत. चुकीचे असले तरी जाहीर झालेले गुण माणसाच्या संमतीविना बदलू नयेत, हा निर्णय संगणकतज्ज्ञांनी घेतला ही समाधानाची गोष्ट आहे. पुष्कळ कार्यालयांतील संगणकीकरणात एवढी काळजी घेतलेली आढळत नाही.

सर्वच प्रणालींत इतके पर्याय असतात असे नाही. २०१४ साली आलेल्या व आपल्याकडे शाळांतून परिचित झालेल्या गूगल क्लासरूममध्ये एकूण गुण न काढणे, सर्व गुणांची बेरीज करणे आणि गटवार भारांक देणे असे तीनच मार्ग आहेत. गटांचे भारांक मिळून १०० भरलेच पाहिजेत असे तेथे बंधन असते. लहान शाळेला ते पुरते. पर्याय कमी असले की चुकीच्या जागाही कमी होतात.

जेथे मूडलसारखी विस्तृत नोंदवही वापरावयाची आहे तेथे अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी तीन-चार काल्पनिक विद्यार्थी नोंदवून पाहण्याची पद्धत उपयुक्त ठरते. एकाला सर्वत्र पूर्ण गुण, दुसऱ्याला सर्वत्र शून्य, तिसऱ्याचे दोन रकाने रिकामे, चौथ्याचा एक घटक वगळलेला. या चौघांची बेरीज कागदावर काढून पडद्यावरील आकड्याशी जुळवून पाहावी. एखादा तास जातो, पण घोळ कोठे आहे तो सत्राच्या आरंभीच उघड होतो. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक अहवालात प्रत्येक घटकाचा भारांक आणि त्या घटकाचा अंतिम गुणांतील वाटा दाखविणारे दोन रकाने मूडलमध्ये आहेत. आपला निकाल कसा तयार झाला हे विद्यार्थ्याला व त्याच्या पालकाला त्यावरून ओळीओळीने वाचता येते. हे रकाने दाखवावयाचे की झाकून ठेवावयाचे, हेही प्रत्येक अभ्यासक्रमात शिक्षकाच्याच हाती असते.